अद्भुत आणि अद्भुताभास

प्रत्येक कलेच्या इतिहासात काही कृती अशा आढळतात की, त्यांना चांगल्या म्हणण्यास टीकाकाराची जीभ रेटत नाही आणि वाईट म्हणून टाकून देण्यास रसिकाचे मन तयार होत नाही. अमेरिकेत १९३५ ते १९५५ या वीस वर्षांत निघालेले विज्ञानाद्भुत मालिकापट याच जातीचे आहेत. आठवड्याला एक भाग, बहुधा शनिवारी दुपारच्या मुलांच्या खेळात, दाखवावयाचा. भाग सुमारे वीस मिनिटांचा. बारा ते पंधरा भागांत कथा आटोपावयाची. आणि प्रत्येक भागाच्या शेवटी नायकाला मरणाच्या दारात उभे करून, पुढची हकीकत याच चित्रगृहात पुढील आठवड्यात पाहा, असे प्रेक्षकांस बजावून निरोप द्यावयाचा, हा या पटांचा ठरीव साचा होता.

ज्या मुलांसाठी हे पट काढले ती म्हातारी होऊन गेली. चित्रवाणी घरोघर आल्यावर या धंद्याचा पायाच खचला, आणि १९५६ मध्ये कोलंबिया कंपनीने आपला शेवटचा मालिकापट काढल्यानंतर अमेरिकेत ही परंपरा संपली. तरीही हे पट आजतागायत पाहिले जात आहेत. त्यांस पाहणारे आता प्रौढ, सुशिक्षित, किंबहुना चोखंदळ लोक आहेत, आणि ते पाहताना मनमुराद हसतात. हे हसणे तिरस्काराचे नव्हे. त्यात लोभ आहे. या चमत्कारिक आवडीला इंग्रजीत ‘कॅम्प’ असे नाव आहे. सुसान सोंटॅग या विदुषीने १९६४ मध्ये या विषयावर लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात उदाहरणांची जी यादी दिली, तीत फ्लॅश गॉर्डनच्या जुन्या चित्रकथांचाही समावेश आहे. या हसण्याचे मूळ कशात आहे आणि ते सर्वस्वी निरुपद्रवी आहे काय, हे दोन प्रश्न आम्हांस येथे विचारावयाचे आहेत.

प्रथम या पटांचे स्वरूप पाहू. युनिव्हर्सल कंपनीचा ‘फ्लॅश गॉर्डन’ (१९३६) हा तेरा भागांचा पट या साऱ्या वर्गाचा प्रतिनिधी मानावयास हरकत नाही. अॅलेक्स रेमंड याची चित्रकथा जानेवारी १९३४ पासून वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होत होती. तिच्यावरून हा पट रचला आहे. मोंगो नावाचा ग्रह पृथ्वीच्या रोखाने येत आहे. डॉक्टर झार्कोव्ह स्वतः बांधलेल्या अग्निबाणात बसून त्याच्याकडे झेप घेतो. त्याच्यासोबत तरुण फ्लॅश आणि त्याला नुकतीच भेटलेली डेल आर्डेन या दोघांची वर्णी लागते. मोंगोवर क्रूरकर्मा सम्राट मिंग याचे राज्य आहे. पुढे तेरा भाग पकडले जाणे, निसटणे आणि पुन्हा पकडले जाणे चालू राहते. फ्लॅशचे काम करणारा बस्टर क्रॅब हा १९३२ च्या लॉस एंजलिस येथील ऑलिंपिक सामन्यांत चारशे मीटर पोहण्याच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळविलेला जलतरणपटू. अभिनयाचा बहुतेक भार त्याने आपल्या रुंद खांद्यांवरच वाहिला आहे, आणि ते खांदे त्या भाराखाली वाकलेले नाहीत, एवढे त्याच्या बाजूने म्हटलेच पाहिजे.

या ग्रहावरील नवलाई काय वर्णावी! दोन प्रचंड डायनोसॉर झुंजतात. ते म्हणजे जवळून चित्रित केलेल्या घोरपडीच्या जातीच्या सरड्यांची जोडी. एक भयंकर श्वापद येते. ते म्हणजे वानराच्या कातड्यात शिरलेला माणूस, कपाळावर एक शिंग लावलेला. अग्निबाण तारेला टांगलेले आहेत, आणि त्यांच्या शेपटीतून निघणारा धूर अंतराळाचे नियम न जुमानता चुलीच्या धुरासारखा सरळ वर जातो. पंखधारी लोकांचा राजा व्हल्टन याचे नगर आकाशात किरणांच्या आधाराने तरंगते. पण ते किरण उत्पन्न करणाऱ्या भट्टीत गुलाम लोक फावड्यांनी रेडियम लोटीत असतात, जणू आगगाडीच्या इंजिनात कोळसाच घालीत आहेत! पैशांची ओढाताण जागोजाग दिसते. आकाशयान ‘जस्ट इमॅजिन’ (१९३०) या दुसऱ्या कंपनीच्या बोलपटातून आलेले आहे. १९४० च्या तिसऱ्या फ्लॅश गॉर्डन पटात बर्फाच्या मुलखाची दृश्ये ‘पिट्झ पालू’ या १९२९ च्या जर्मन मूकपटातून उचललेली आहेत, आणि पार्श्वसंगीतास फ्रांझ लिस्टची ‘ले प्रेल्यूद’ ही भारदस्त रचना राबविलेली आहे.

इतर पटांची तऱ्हा याहून वेगळी नाही. ‘द फँटम एम्पायर’ (१९३५) यात गाणारा गोपनायक जीन ऑट्री भूमीच्या पोटात हजारो फूट खोल असलेल्या म्युरेनिया या प्रगत राज्यात जाऊन पडतो. तेथे यंत्रमानव आहेत, मृत्युकिरण आहेत, राणी आहे. परंतु नायकाची खरी विवंचना ही की, ठरल्या वेळी वर येऊन रेडिओवर गाणे म्हटले नाही तर करार मोडेल आणि कुरण हातचे जाईल. रिपब्लिक कंपनीच्या ‘रडार मेन फ्रॉम द मून’ (१९५२) यात चंद्रावरील सत्ताधीश पृथ्वी जिंकावयास निघतो, आणि त्या स्वारीच्या खर्चासाठी त्याच्या हस्तकांस पृथ्वीवर दरोडे घालावे लागतात. उडणाऱ्या नायकाच्या छातीवरील यंत्राला मोजक्या खुंट्या आहेत, आणि त्यांवर ‘वर’, ‘खाली’, ‘जलद’, ‘सावकाश’ अशा आशयाची अक्षरे स्वच्छ लिहिलेली आहेत.

आता या सर्वांतून हास्य का निर्माण होते? आपल्या साहित्यशास्त्रात याचे उत्तर सापडते असे आम्हांस वाटते. भरताच्या रसविचारावर भाष्य करताना अभिनवगुप्ताने असे दाखविले आहे की, कोणत्याही रसाचा आभास झाला म्हणजे त्याचे पर्यवसान हास्यात होते. प्रस्तुत पटांना साधावयाचा आहे तो अद्भुत रस. विभाव सारे सिद्ध आहेत: परग्रह, दिव्य यंत्रे, विचित्र प्राणी. नटांच्या मुद्रेवर विस्मयही आहे. परंतु ज्याच्याकडे पाहून ते विस्मित होतात ती वस्तू विस्मय धारण करण्यास असमर्थ आहे. भाव थोर आणि आलंबन पुठ्ठ्याचे, अशी ही स्थिती. अद्भुताचा अद्भुताभास होतो आणि आपण हसतो.

पण साधनांचे दारिद्र्य एवढ्यानेच हे हास्य उपजत नाही. कोकणातल्या दशावतारी खेळात एक लाकडी बाकडे एवढीच काय ती सामग्री असते. तेच सिंहासन होते आणि तेच प्रसंगी आणखी काही होते. म्हणून त्या बाकड्याला कोणी हसत नाही. तेथे नट आणि प्रेक्षक यांच्यात आधीच करार झालेला आहे की, बाकडे हे बाकडेच असून आपण त्याला सिंहासन म्हणावयाचे. चित्रपटाने असा करार केलेला नाही. कॅमेरा ‘हे असेच घडले’ अशी साक्ष देतो. दादासाहेब फाळक्यांच्या ‘कालियामर्दना’त (१९१९) कालियाचा सर्प बनावट आहे हे आजच्या प्रेक्षकाला कळते, पण तेथे उणे पडले ते प्रेक्षकाच्या भक्तीने भरून काढले. मोंगो ग्रहाच्या पाठीशी ना दशावताराचा करार, ना कृष्णकथेची भक्ती. त्याची भिस्त एकट्या लहान मुलाच्या श्रद्धेवर होती. ते मूल उठून गेले, त्याच्या खुर्चीत प्रौढ मनुष्य येऊन बसला, आणि तार दिसू लागली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. तार दिसू लागली तरी तो प्रौढ उठून जात नाही. याचे कारण असे की, पडद्यावरच्या कोणालाही ती तार दिसत नाही. चार्ल्स मिडल्टन हा मिंगच्या भूमिकेत एकेक शब्द असा उच्चारतो की, जणू शेक्सपियरच्या राजाचे भाषण आपल्या वाट्यास आले आहे. झार्कोव्ह झालेला फ्रँक शॅनन दिव्यांच्या लुकलुकत्या फळीपुढे उभा राहून न्यूटनच्या गांभीर्याने खुंट्या पिरगाळतो. कोणी डोळा मिचकावीत नाही, ‘आम्हांसही हे ठाऊक आहे’ असे सुचवीत नाही. हा प्रामाणिकपणा आपणांस धरून ठेवतो. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे येथील साहित्यसंमेलनात वाङ्मयानंदाची मीमांसा करताना ‘सविकल्प समाधी’ ही कल्पना मांडली: रसिक दुसऱ्याच्या भूमिकेत शिरतो, पण स्वतःचे भान सोडीत नाही. मालिकापटाच्या प्रौढ प्रेक्षकात या समाधीची दोन्ही अंगे विलक्षण स्पष्ट दिसतात. त्याच्यातले अर्धे मन फ्लॅशबरोबर खाईत कोसळते आणि उरलेले अर्धे खाई कशाची केली आहे ते पाहते. पहिले अर्धे नसते तर दुसऱ्याचे हसणे कोरडे उपहासाचे झाले असते.

शिवाय हा सारा आभासच आहे असेही नव्हे. ‘फ्लॅश गॉर्डन्स ट्रिप टू मार्स’ (१९३८) या पंधरा भागांच्या पटात गुहेच्या भिंतींतून मातीची माणसे हळूहळू आकारास येतात. ते दृश्य पाहताना आजही हसू येत नाही. रिपब्लिकच्या ‘अॅडव्हेंचर्स ऑफ कॅप्टन मार्व्हल’ (१९४१) यात लायडेकर बंधूंनी माणसाच्या मापाचा पुतळा तारांवरून असा सोडला की, तो खरोखरच उडतो असे वाटते. आपल्याकडेही त्याच काळात मुंबईत ‘ख्वाब की दुनिया’ (१९३७) या बोलपटासाठी बाबूभाई मिस्त्री यांनी काळ्या धाग्याने वस्तू हवेत हालवून अदृश्य मनुष्याचा भास उत्पन्न केला आणि ‘काला धागा’ हे नाव कमावले. ही माणसे तार लपविण्यासाठी जिवाचे रान करीत होती. कधी ती लपली, कधी नाही. नाही लपली तेथेही मागे राबणारा हात दिसतो, आणि अशा हाताविषयी आपुलकी वाटणे स्वाभाविक आहे.

भागाच्या शेवटी येणाऱ्या संकटाविषयीही थोडे लिहिले पाहिजे, कारण या पटांचा प्राण तेथे आहे. नायक मोटारीसह कड्यावरून कोसळला. पुढच्या आठवड्यात तेच दृश्य पुन्हा दिसते, मात्र आता मध्येच एक नवा तुकडा घुसलेला असतो आणि त्यात नायक कडा येण्यापूर्वीच उडी टाकून सुटलेला असतो! ही उघड लबाडी होय. ती पचत असे, कारण मध्ये सात दिवस जात. त्या सात दिवसांत मूल शाळेत, रस्त्यावर, अंथरुणात नायकाच्या सुटकेचे शंभर मार्ग योजीत असे, आणि त्यांपैकी पुष्कळसे चित्रपट-लेखकाच्या मार्गाहून सरस असत. आज तेरा भाग एका बैठकीत पाहणाऱ्याला लबाडी तत्काळ दिसते आणि त्याला तिची मौज वाटते. पण ते सात दिवस त्याच्या वाट्याला येत नाहीत. स्टीफन किंगच्या ‘मिझरी’ (१९८७) या कादंबरीतील अॅनी विल्क्स ही लहानपणी अशाच एका पटातली लबाडी पाहून भर चित्रगृहात संतापाने ओरडल्याची आठवण सांगते. ती बाई वेडसर आहे खरी. परंतु या एका बाबतीत आमचा कौल तिच्याकडे आहे. ज्याने विश्वास ठेवला त्यालाच फसविले गेल्याचा राग येतो. आपण हसतो, कारण आपण काहीच पणाला लावलेले नसते.

या आवडीचे लोण पसरल्यावर काही चतुर मंडळींनी हा आभास मुद्दाम उत्पन्न करण्याचा घाट घातला, यात नवल नाही. १९६६ मध्ये अमेरिकन चित्रवाणीवर आलेल्या ‘बॅटमॅन’ मालिकेने जुन्या पटांतली संकटे, निवेदकाचा आवेश आणि पुढील भागाची सूचना यांचे हेतुपुरस्सर विडंबन केले. १९८० मध्ये माइक हॉजेस याने ‘फ्लॅश गॉर्डन’ पुन्हा पडद्यावर आणला: रंगांची लयलूट, क्वीन या वाद्यवृंदाचे दणदणीत संगीत आणि पात्रांच्या ओठांच्या कोपऱ्यात सतत एक हसू. त्या चित्रपटाला चाहते पुष्कळ आहेत आणि त्याची नेत्रसुखद बाजू आम्हीही नाकारीत नाही. परंतु येथे पैसा विपुल आहे आणि श्रद्धा दरिद्री आहे. मूळ पटात याच्या उलट होते. सोंटॅगबाईंनी भाबडा आणि हेतुपूर्वक केलेला असे या रुचीचे दोन प्रकार सांगून पहिल्याला शुद्ध म्हटले, ते आम्हांस मान्य आहे. मूळ पटांचा खरा वारसा त्यांची थट्टा न करणाऱ्याकडे गेला. जॉर्ज लूकसला फ्लॅश गॉर्डनच काढावयाचा होता. हक्क मिळाले नाहीत म्हणून त्याने स्वतःची कथा रचली. ‘स्टार वॉर्स’च्या (१९७७) आरंभी अंतराळात दूर सरकत जाणारी अक्षरे १९४० च्या मालिकापटाची आठवण करून देतात, आणि त्या अक्षरांकडे तो चित्रपट कुचेष्टेने पाहत नाही.

येथवर आम्ही या हास्याचे समर्थन केले. आता त्याची मर्यादा सांगितली पाहिजे. मोंगोच्या सम्राटाचे नाव मिंग का आहे? ते चीनमधील एका राजवंशाचे नाव आहे. त्याचे तुळतुळीत डोके, लोंबत्या मिशा, लांब झगा, आणि गोऱ्या तरुणीशी बळाने लग्न लावण्याचा त्याचा हव्यास हे सर्व सॅक्स रोमरच्या कादंबऱ्यांतून १९१३ पासून गाजत असलेल्या फू मांचू या चिनी खलपुरुषाच्या घराण्यातले आहे. परग्रह हा केवळ पडदा होय. पडद्यामागे आशियाविषयीचे भय उभे आहे. हा पट निघाला तेव्हा चिनी मजुरांस अमेरिकेत येण्यास बंदी करणारा १८८२ चा कायदा अमलात होता. तो १९४३ मध्ये रद्द झाला. शनिवारी दुपारी टाळ्या पिटणाऱ्या मुलांस कायदा ठाऊक नव्हता. मिंग ठाऊक होता.

याहून उघड उदाहरण कोलंबिया कंपनीच्या ‘बॅटमॅन’ (१९४३) या पंधरा भागांच्या मालिकापटाचे आहे. त्यात रेडियमच्या बळावर चालणारे शस्त्र आहे, माणसांना यंत्रवत् गुलाम करणारी युक्ती आहे, आणि डॉक्टर डाका हा जपानी खलनायक आहे. त्याचे काम एका गोऱ्या नटाने रंग फासून केले. पहिल्याच भागात निवेदक जपानी वस्ती ओस पडलेली दाखवून सरकारच्या शहाणपणाची वाखाणणी करतो. ती वस्ती ओस का पडली? १९४२ मध्ये सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या माणसांस घरादारांतून उठवून छावण्यांत डांबण्यात आले होते, आणि त्यांतील बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. १९६५ मध्ये हे पंधराही भाग सलग जोडून पुन्हा दाखविण्यात आले, आणि तरुण प्रेक्षक हसून हसून बेजार झाले. छावण्यांतून गेलेली कितीतरी माणसे तेव्हा हयात होती. अमेरिकन सरकारने कायद्याने त्यांची क्षमा मागितली ती १९८८ मध्ये.

तारेवर डुलणाऱ्या अग्निबाणाला हसणे आणि डाकाला हसणे या दोन क्रिया प्रेक्षागृहात एकाच आवाजाच्या असल्या तरी त्या एक नव्हेत. अग्निबाण सत्याला पोहोचू पाहत होता आणि पोहोचला नाही. मिंग आणि डाका यांना सत्याची चाडच नव्हती. ते जेथे पोहोचावयाचे तेथे बरोबर पोहोचले, मुलांच्या मनात जाऊन बसले. तेथे रसाभास झालेला नाही. भयानक आणि बीभत्स हे रस त्या काळच्या प्रेक्षकात यथास्थित निष्पन्न झाले, आणि त्यांचे परिणाम माणसांनी भोगले. अशा गोष्टीवर ‘जुने भाबडे काम’ म्हणून हास्याचे पांघरूण घालणे म्हणजे विवेकाला रजा देणे होय. हास्य दोष धुऊन काढते असे म्हणतात; पुष्कळदा ते दोषाला जपूनही ठेवते. १९८० च्या चित्रपटात सगळ्याचीच थट्टा होती. तरीही मिंगच्या आसनावर मॅक्स फॉन सिडो हा स्वीडिश नट त्याच मिशा आणि तोच झगा चढवून बसला. चव्वेचाळीस वर्षांत पुठ्ठा गेला, तार गेली. व्यंगचित्र तेवढे राहिले, कारण त्याला लोक फक्त हसत आले होते.

मग हे पट पाहू नयेत काय? आमचे मत तसे नाही. १९९६ मध्ये ‘फ्लॅश गॉर्डन’ची नोंद अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-सूचीत झाली, ती योग्यच झाली. गरिबीतही अद्भुताचा ध्यास धरणाऱ्या कारागिरांचे ते काम आहे, आणि महामंदीने गांजलेल्या वर्षांत लक्षावधी मुलांस त्याने आठवडाभर पुरेल इतके स्वप्न दिले. रसिकांनी ते अवश्य पाहावे, आणि शक्य झाल्यास एका बैठकीत न पाहता आठवड्याला एकच भाग पाहावा. म्हणजे नायकाला कड्यावर लटकत ठेवून झोपी जाण्याचा अनुभव थोडा तरी येईल. अग्निबाण डुलू लागला की मोकळेपणाने हसावे. मिंग सिंहासनावर येऊन बसला की मात्र हसू आवरावे आणि मिडल्टनच्या भारदस्त उच्चारांखाली कोणाची नालस्ती चालली आहे ते ऐकावे. एकाच दृश्यात ही दोन्ही कामे करावी लागतात, हे आम्ही जाणतो. पण जो प्रेक्षक अर्ध्या मनाने खाईत पडून अर्ध्या मनाने खाईचा पुठ्ठा पाहू शकतो, त्याच्याकडून एवढी अपेक्षा करणे अवाजवी ठरू नये.